विश्लेषण : सातबाऱ्यावरचा ‘स्थानिक नावा’चा रकाना रिकामा का? जुन्या भूमी अभिलेखांतून वऱ्हाडातील टेकड्यांची नावे सापडतील?

अमरावतीच्या राजापेठ परिसरातील जुने खरेदीखत उघडले, की मिळकतीच्या वर्णनात ‘मौजे राजापेठ, प्रगणे बडनेरा, तालुका व जिल्हा अमरावती’ अशी ओळ भेटते. परगणा हा मुघल काळापासून चालत आलेला महसुली विभाग. तो कारभारातून केव्हाच गेला, पण कागदाने शब्द सोडला नाही. आता याच जिल्ह्यातल्या एखाद्या शेताचा सातबारा काढून पाहा. त्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा छापील रकाना असतो आणि अनेक उताऱ्यांवर त्यापुढे काहीच लिहिलेले नसते. एकीकडे संपलेल्या परगण्याचे नाव टिकले, दुसरीकडे गावकऱ्यांच्या रोजच्या तोंडातले शेताचे नाव कागदावर आलेच नाही. शेतामागच्या टेकडीची तर नोंदच नाही. युरोपातील वेल्स या देशात अशीच हरवलेली डोंगर-टेकड्यांची नावे जुन्या जमीन नोंदींतून शोधून काढली जात आहेत. वऱ्हाडात ते शक्य आहे का? आणि त्याने कुणाचे काय भले होणार?

टेकडीचे नाव महसुली कागदात का नसते?

जमिनीची मोजणी सारा ठरवण्यासाठी झाली. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६० च्या दशकात येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. मोजणीदाराने साखळी टाकली, शेताला सर्व्हे नंबर दिला, मातीचा मगदूर पाहिला आणि आकार ठरवला. ज्या जमिनीतून पीक निघते तिची बारकाईने नोंद झाली. जी पिकत नाही ती ‘पोटखराब’ म्हणून बाजूला पडली. टेकडी, खडकाळ बरड, नाल्याचे पात्र ही सारी त्यात गेली. सारा नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून नावही नाही, असा हा हिशेब.

उंच जागांची दुसरी मोजणी त्याच शतकात झाली, ती त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेतून सुरू केलेली ही मोजणी वऱ्हाडाच्या दिशेने सरकत असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती उत्तरेकडे नेली. या मोजणीला टेकडी हवी होती, पण दुर्बीण लावण्यापुरती. तिला अक्षांश, रेखांश आणि उंची मिळाली. नाव मात्र हाताशी असलेल्या माणसाने सांगितले तेवढेच आणि साहेबाला ऐकू आले तसे लिहिले गेले.

अशा रीतीने एका खात्याने टेकडी खराब म्हणून सोडली, दुसऱ्याने बिंदू म्हणून घेतली. आज नकाशांवर अनेक टेकड्या केवळ उंचीचा आकडा घेऊन उभ्या दिसतात त्यामागे हे कारण आहे.

मग नाव शोधायचे कुठे?

टेकडीच्या नावाचा शोध तिच्या शेजाऱ्यांकडून सुरू होतो. टेकडीला सारा नसला तरी तिच्या पायथ्याच्या शेतांना होता. त्या शेतांची ओळख आणि हद्द सांगताना टेकडीचे नाव कागदावर येते.

पहिला कागद म्हणजे हस्तलिखित सातबारा आणि त्याआधीची हक्कनोंदणी. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख यासाठी पाहता येतो. शेताच्या नावात ‘टेकडीखालचं’, ‘बरडीवरचं’, ‘खोरीतलं’ असे शब्द येतात आणि कधी त्यांच्यासोबत टेकडीचे विशेषनामही.

दुसरा कागद खरेदीखताचा. त्यातील चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस काय, पश्चिमेस काय हे सांगणारा भाग, येथे सर्वात उपयोगी. टेकडीच्या चार बाजूंच्या चार शेतांची जुनी खते समोर ठेवली आणि एकाच्या पश्चिमेला, दुसऱ्याच्या पूर्वेला तेच नाव आले, तर ते नाव कोणत्या उंचवट्याचे हे जवळजवळ पक्के होते.

तिसरा संच भूमी अभिलेख कार्यालयातला असतो. मूळ मोजणीची टिपणे, आकारबंद, फाळणी नकाशे आणि गाव नकाशा तेथे मिळतात. गाव नकाशावर नाले, विहिरी, पांदण रस्ते आणि शिवेच्या खुणा दिसतात. आजच्या गट नंबरवरून जुन्या सर्व्हे नंबरकडे जाण्याचा मार्गही येथूनच आहे. जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली तिथे क्रमांक बदलले आहेत. हा मेळ न घालता शोध घेतला, तर नाव भलत्याच शेताला चिकटते.

चौथा कागद सर्व्हे ऑफ इंडियाचा. त्यांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून ऑनलाइन मोफत उपलब्ध झाले आहेत. खरेदीखतातले नाव आणि नकाशावरची उंची एकत्र आणली, की टेकडीची ओळख पूर्ण होते.

वेल्समध्ये काय घडले?

वेल्समध्ये शेतकऱ्याला उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. १८३६ च्या कायद्याने ही धान्यरूपातील देणी रोख रकमेत बदलली. त्यासाठी गावोगाव नकाशे झाले. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा, क्षेत्र, पीक आणि शेताचे नाव लिहिले गेले. थोडक्यात, त्यांचा सातबाराच. फरक इतकाच, की त्यांच्या यादीत नावाचा रकाना बऱ्याच ठिकाणी भरलेला होता.

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे आणि याद्या डिजिटल करून लोकांसाठी खुल्या केल्या. इंग्रजी बोलणाऱ्या मोजणीदारांनी नकाशावर वेल्श नावे चुकीची लिहिली होती किंवा गाळली होती. पायथ्याच्या शेतांच्या नावांवरून अभ्यासकांनी व हौशी गिर्यारोहकांनी त्यांचा माग काढला आणि स्थानिक शेतकऱ्यांना विचारून खात्री केली.

पुढचे पाऊल सरकारने टाकले. २०१६ च्या कायद्यानुसार वेल्समध्ये ऐतिहासिक स्थलनामांची वैधानिक यादी करण्यात आली. साडेतीन लाखांहून अधिक नावांची ही यादी आहे. रस्त्यांना नावे देताना स्थानिक संस्थांना ती विचारात घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च शिखरासाठी ‘स्नोडन’ऐवजी ‘अर विद्वा’ हे वेल्श नाव वापरण्याचा निर्णय राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने घेतला. एप्रिल २०२३ मध्ये ‘ब्रेकन बीकन्स’ या उद्यानानेही ‘बन्नाई ब्रेख्यिन्योग’ हे जुने नाव स्वीकारले.

वऱ्हाडातील कागदांचे वेगळेपण काय?

येथे राज्य वारंवार बदलले आणि प्रत्येकाने आपली भाषा व आपले कागद मागे ठेवले. अकबराच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे गाविल, नरनाळा असे सरकार आणि त्याखालचे परगणे नोंदलेले आहेत. पुढे निजामाचा आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. त्या काळातील कागद फारसी आणि मोडीत आहेत. इंग्रजी कागदांत अमरावतीचे स्पेलिंग वेगळे होते. मुंबईच्या कापूस बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत, तो ‘उमरावती’ या जुन्या रूपाचा शिक्का. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि १९५४ ची तेथील जमीन महसूल संहिता येथे लागू झाली.

त्यातून दोन खास दस्तऐवज विदर्भाला मिळाले, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाच्या पडीत जमिनीवर चराई, सरपण, माती, दगड यांचा वापर कोण कसा करणार हे निस्तारपत्रकात असते. वाजिब-उल-अर्जात वाट, पाणी, मासेमारी अशा वहिवाटी लिहिल्या जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ आणि १६५ यांत त्यांची तरतूद असून ती विदर्भापुरती आहे. गावकरी जिथे गुरे नेत ती टेकडी शेत नसल्यामुळे सातबाऱ्यावर नावाने येणार नाही, पण या कागदांत येऊ शकते.

वऱ्हाडी महसुली भाषाही नावांचा खजिना आहे. गायरानाला येथे ‘ई-क्लास’ म्हणतात, शेताच्या बांधाला ‘धुरा’. वस्तीची जागा ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ‘काळी’. ओस पडलेल्या गावाला ‘रीठ’ म्हणतात. अशा रिठांवर आज एकही घर नाही, तरी मौजा म्हणून त्यांचे नाव दप्तरात चालू आहे. माणसे गेल्यावरही गावाचे नाव कागदाने जपल्याचा हा घरचाच दाखला.

शहरही याला अपवाद नाही. अमरावतीच्या परकोटाचे नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट कोणती वाट कुठे जात होती ते सांगतात. शहरातील मालटेकडी आता शिवटेकडी म्हणून ओळखली जाते आणि दोन्ही नावे लोकांच्या बोलण्यात आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कागदात मात्र नवे नाव शोधून उपयोग नाही. मधली कडी माहीत असलेली पिढी हयात आहे तोवर दोन नावांची जोडी सहज जुळते. नंतर ती जुळवणे अवघड होते.

नाव सापडल्याने फरक काय पडतो?

सर्वात मोठा फरक वनहक्कात पडतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. त्यासाठी ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीचा नकाशा खुणांसह द्यावा लागतो. कुठली टेकडी, कुठला नाला, कुठले देवस्थान हे त्यात सांगायचे असते. पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, मोजणी व जमाबंदी अहवाल, नकाशे आणि हक्कनोंदी चालतात. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही नियमांनी मान्य केले आहेत.

येथे नावाला वजन येते. वडीलधारा माणूस ‘आमची गुरे अमुक टेकडीपर्यंत जात’ असे सांगतो. वनखात्याच्या नकाशावर तिथे फक्त कक्ष क्रमांक असतो. दोघे एकाच जागेविषयी बोलत आहेत हे सिद्ध करणारा दुवा जुन्या नोंदीतले नाव ठरू शकते. तो नसेल तर जबाब तोंडी राहतो आणि क्रमांक कागदी.

अचलपूर तालुक्यातील पायविहीर हे गाविलगडाच्या पायथ्याचे गाव याच कायद्याखाली पुढे आले. २०१२ मध्ये त्याला दोनशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकड्यांवर गावाने झाडे वाढवली, सीताफळाचा व्यवसाय उभा केला आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या भारत जैवविविधता पुरस्कारापर्यंत मजल मारली. हद्द पक्की झाली म्हणून पुढचे काम उभे राहिले, हे या गावाने दाखवून दिले.

दुसरा फरक पाण्याच्या बाबतीत. पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. कुठे गोडे पाणी लागते आणि कुठे खारे, हे जुन्या माणसांनी शेतांच्या व विहिरींच्या नावांत साठवून ठेवले. ‘झिरा’, ‘डोह’, ‘खारं’ असा शब्द नावात असेल, तर विहीर खोदण्याआधी तो एक इशारा आहे. भूजल तपासणीला तो पर्याय नाही, पण तपासणी कुठे करायची हे त्यावरून ठरवता येते.

तिसरा फरक शहराच्या वाढीत. शेत अकृषक झाले, ले-आऊट पडला, की प्लॉटला नंबर आणि वसाहतीला नवे नाव मिळते. जुन्या नकाशावरचा नाला आणि उतार त्याखाली गाडला जातो. अमरावतीचा अंबा नाला नावाने ओळखला जातो म्हणून त्याच्यावर चर्चा तरी होते. निनावी नाल्यावर भराव पडला तर तक्रार कोणत्या नावाने करायची?

फसगत कुठे होऊ शकते?

जुना कागद आहे म्हणून तो बरोबरच असेल असे नाही. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठी, उर्दू किंवा इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनाने कोरकू नाव ऐकले आणि आपल्या ओळखीच्या शब्दात बसवले, असे होणे साहजिक होते. अशा नावाचा अर्थ मराठी कोशात शोधला तर उत्तर मिळेल, पण ते चुकीचे असेल. तेथे कोरकू बोलणाऱ्यालाच विचारले पाहिजे.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सलग लिहिले जातात. एकाच नावाची दोन वाचने होऊ शकतात. म्हणून एका कागदावर विसंबू नये. किमान दोन वेगळ्या काळांतील नोंदी आणि एक जिवंत साक्ष, असा साधा नियम ठेवला तर चूक टळते.

दंतकथेचेही तसेच. चिखलदऱ्याचा संबंध महाभारतातील कीचकाशी जोडला जातो आणि ‘कीचकदरा’वरून ‘चिखलदरा’ झाले असे सांगतात. लोकांना ती कथा प्रिय आहे आणि राहावी. पण कथा हा एक पुरावा, कागद हा दुसरा. दोन्ही आपापल्या नावाने नोंदवावेत.

काही नावे बोचणारी असतात. अनेक जुन्या शेतांची आणि वस्त्यांची नावे जातीवरून आहेत. वस्त्या व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि तो रास्त आहे. पाटीवरून असे नाव जावे, दप्तरातून मात्र पुसले जाऊ नये. वतनाची जमीन कुणाची होती आणि ती कशी गेली, हे शोधणाऱ्या वारसाला तेच नाव वाट दाखवते.

आणखी एक गैरसमज टाळायला हवा. नाव म्हणजे मालकी नव्हे. ‘पाटलाची टेकडी’ असे कागदात सापडले म्हणून ती पाटलाच्या वारसांची ठरत नाही. मालकीसाठी भोगवटादाराची नोंद, फेरफार आणि दस्तच पाहावे लागतात.

हा प्रश्न आताच का?

कारण कागद आता पहिल्यांदाच सहज दिसू लागले आहेत आणि सांगणारी माणसे कमी होत आहेत. जुने महसुली अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन देण्याच्या राज्याच्या ‘आपले अभिलेख’ योजनेत सुरुवातीच्या सात जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती होते. पूर्वी रेकॉर्ड रूममध्ये खेटे घालावे लागत. आता जुना सातबारा, फेरफार किंवा आठ-अ मोबाइलवर शोधता येतो.

दुसरीकडे, जमिनीची ओळख वेगाने आकड्यांत जात आहे. गावाला कोड मिळाला, भूखंडाला यूएलपिन मिळाला. व्यवहारातील फसवणूक रोखण्यासाठी आकडा हवाच. पण संगणकीकरणात क्रमांक, क्षेत्र आणि खातेदार यांची तपासणी झाली, तशी नावाच्या रकान्याची झाली नाही तर ती उणीव कुणाच्या लक्षातही येत नाही. नाव गळाले म्हणून कुणाचे कर्ज अडत नाही.

जुन्या कागदांची ताकद राज्याने अलीकडेच अनुभवली आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तालुक्या-तालुक्यांत दप्तरे उघडली गेली, मोडी वाचकांना बोलावणे गेले. माणसांच्या नोंदींसाठी यंत्रणा हलली. त्याच कपाटांत, बऱ्याचदा त्याच पानांवर, जमिनीची नावेही आहेत.

गावाला काय करता येईल?

सुरुवात एका शिवारापासून करता येते. गाव नकाशाची प्रत काढायची. ‘आपले अभिलेख’वरून जुने उतारे मिळवायचे. घरातील ट्रंकेतली खरेदीखते बाहेर काढून चतुःसीमा वाचायच्या. मग गावातील दोन-तीन जुन्या माणसांना, आणि गुराखी व शेतमजूर बायकांना मुद्दाम, सोबत घेऊन शिवारफेरी करायची. मालकाला आपल्या शेताचे नाव माहीत असते, साऱ्या शिवाराची नावे रोज ते तुडवणाऱ्यांना माहीत असतात. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि नाव सांगणाऱ्याच्या उच्चारात ध्वनिमुद्रित करायचे.

जमलेली नावे ठेवण्यासाठी कायदेशीर जागा आधीच आहेत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात गावाचे भूरूप आणि जलस्रोत नोंदवण्याची सोय आहे. ग्रामसभेच्या ठरावातही यादी घेता येते. हस्तलिखित सातबाऱ्यावर शेताचे नाव होते आणि संगणकीकरणात गळाले, असे दिसल्यास तो लेखनप्रमाद मानून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करण्याचा मार्ग आहे.

वेल्ससारखी स्थलनामांची वैधानिक यादी महाराष्ट्रात नाही. ती करायची तर धोरण लागेल, पैसा लागेल आणि वेळ जाईल. सातबाऱ्यावरचा रकाना मात्र आजही छापून येतो. तो भरायला नवा कायदा लागत नाही, नाव माहीत असलेला माणूस लागतो. अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागद स्कॅन होऊन राहतील, पण त्यातल्या नावाकडे पाहून ‘ही बघा ती टेकडी’ असे बोट दाखवणारे कुणी उरले नाही, तर ते नाव सापडूनही हरवलेलेच राहील.